आज्ञाभंगाचा अधिकार

दर वर्षी 2 जानेवारीच्या पहाटे मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात माणसे जमतात. कोणी मुरबाड-म्हसा-जांभुर्डे या बाजूने येते, कोणी कर्जत-नेरळकडून. 1943 साली याच तारखेला, अशाच पहाटे, भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. आज तिथे स्मारक आहे. शाळेतली मुले येतात, लोकप्रतिनिधी येतात, फुले वाहिली जातात. त्या पहाटे मात्र सरकारच्या दप्तरी हे दोघे फरारी गुन्हेगार होते.

ते सरकार गेले, त्याचे दप्तर मागे पडले आणि आपण या दोघांना हुतात्मे म्हणू लागलो. ते योग्यच झाले. पण सरकार बदलले एवढ्यावरून एखादे कृत्य न्याय्य ठरत नाही. तसे ठरवले तर जिंकणाऱ्याचे सगळे बरोबर आणि हरणाऱ्याचे सगळे चूक, एवढाच इतिहासाचा अर्थ उरेल. कोतवालांनी सरकारची आज्ञा मोडली ते बरोबर केले, असे आपण मनापासून म्हणत असू, तर त्याची कारणे 1943 मध्येही खरी असली पाहिजेत. स्वातंत्र्य आणखी पन्नास वर्षे लांबले असते तरी ती खरी राहिली पाहिजेत. ही कारणे शोधणे हा या पुस्तकाचा विषय आहे.

सत्तेची आज्ञा मोडणे कधी न्याय्य ठरते, हा प्रश्न जगात सर्वांत जास्त चर्चिला गेला तो एका रोमन सेनापतीच्या निमित्ताने. इ. स. पू. 49 च्या जानेवारीत ज्युलियस सीझर आपले सैन्य घेऊन रूबिकॉन नावाची छोटी नदी ओलांडून इटलीत शिरला. शासनाची आज्ञा सैन्य सोडण्याची होती, आणि कोणत्याही सुभेदाराने सैन्यासह ही सीमा ओलांडू नये हा कायदा होता. सीझरने दोन्ही मोडले. त्याने केले ते बरोबर की चूक, यावर दोन हजार वर्षे विद्वान भांडत आले आहेत. शहापूर-मुरबाडच्या वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. त्याच्याकडे स्वतःच्या तालुक्यातले दोन दाखले आहेत: शहापूरचा माहुली किल्ला आणि मुरबाडचा सिद्धगड. पहिल्यावर शहाजीराजांनी मोगल सत्तेला शेवटपर्यंत नकार दिला, दुसऱ्यावर कोतवालांनी इंग्रज सत्तेला.

शिवाय रोम वाटते तेवढे लांबही नाही. मुरबाडवरून माळशेजकडे जाताना वैशाखरे ओलांडले की उजव्या हाताला नाणेघाटाची वाट लागते. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी शिलालेख आहे. पुष्कळ अभ्यासक तो इ. स. पू. पहिल्या शतकातला, म्हणजे साधारण सीझरच्याच शतकातला मानतात. पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत रोमन व्यापाऱ्यांचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरू लागला आणि याच घाटाने जुन्नरकडे चढू लागला. त्या काळच्या ग्रीक भाषेतल्या प्रवासवृत्तान्तात कल्याणचे नाव आले आहे. ज्या वाटेने रोमचा माल आला, त्याच मुलखात रोमचा प्रश्नही विचारायला हरकत नाही.

आधी सीझरची बाजू नीट मांडली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. रोमचे प्रजासत्ताक नावाला लोकांचे होते; प्रत्यक्षात मोजक्या घराण्यांचा सिनेटवर ताबा होता. प्रांतांत गेलेले सुभेदार लूट करून परत येत आणि त्या पैशांवर निवडणुका लढवत. शस्त्राच्या बळावर राजधानी घेण्याची सुरुवातही सीझरने केली नव्हती, इ. स. पू. 88 मध्ये सुल्ला आपल्याच शहरावर चालून गेला होता. सीझरची सुभेदारी संपत आली तेव्हा तडजोडीचे मार्ग निघाले होते. इ. स. पू. 50 च्या अखेरीस सिनेटमध्ये ठराव आला, की सीझर आणि त्याचा प्रतिस्पर्धी पाँपी, दोघांनीही सैन्य सोडावे. अॅपियन या इतिहासकाराच्या सांगण्याप्रमाणे ठरावाच्या बाजूने 370 आणि विरोधात अवघी 22 मते पडली. तरी त्या बावीस जणांच्या गटाने तो बासनात गुंडाळला आणि कौन्सुल मार्सेलसने परस्पर जाऊन पाँपीला सैन्याची सूत्रे घ्यायला सांगितले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सिनेटने सीझरविरुद्ध आणीबाणीचा ठराव केला. लोकांचे प्रतिनिधी म्हणून निवडलेल्या ट्रिब्यूनांचा नकाराधिकार बाजूला सारला गेला आणि अँटनी व कॅसियस या दोन ट्रिब्यूनांना शहर सोडून सीझरच्या छावणीत पळून यावे लागले.

म्हणजे कायदा आधी सिनेटने मोडला होता. बहुमत धुडकावले गेले होते आणि लोकप्रतिनिधींना धमकावले गेले होते. नदी ओलांडताना सीझर हेच कारण पुढे करत होता. त्याचे समर्थक आजही हेच सांगतात, आणि पुढच्या सुधारणांची यादी देतात: कर्जदारांना दिलासा, आल्प्सअलीकडच्या गॉलमधल्या लोकांना नागरिकत्व, भूमिहीनांसाठी वसाहती, पंचांगाची दुरुस्ती. शत्रूंना माफ करण्याची त्याची रीतही खरी होती. कॉर्फिनियमला शरण आलेल्या विरोधकांना त्याने सोडून दिले.

आता दुसरी बाजू. सीझरच्या भीतीचे मूळ लोकांच्या हक्कांत नव्हते. सुभेदारी संपून तो साधा नागरिक झाला असता, तर कौन्सुल असताना केलेल्या बेकायदा गोष्टींबद्दल त्याच्यावर खटला भरला गेला असता. सिनेटमधला त्याचा विरोधक केटो ही धमकी उघड देत होता. म्हणून सीझरला रोमबाहेर राहून, सैन्य हाताशी ठेवूनच पुढची निवडणूक लढवायची होती. यादवी युद्धावरच्या त्याच्या स्वतःच्या ग्रंथात ट्रिब्यूनांच्या हक्कांइतकाच जोर त्याने स्वतःच्या प्रतिष्ठेवर दिला आहे. ज्या सैन्यावर त्याची भिस्त होती ते गॉलमधल्या युद्धांत घडले होते. प्लूटार्कच्या म्हणण्यानुसार त्या युद्धांत दहा लाख माणसे मारली गेली आणि तेवढीच गुलाम झाली. प्राचीन लेखकांचे आकडे फुगवलेले असतील, पण संहार खरा होता. तहाची बोलणी चालू असताना जर्मन टोळ्यांची कत्तल केल्याबद्दल सीझरला त्या टोळ्यांच्या हवाली करावे, अशी मागणी केटोने भर सिनेटमध्ये केली होती.

नदी ओलांडल्यावर काय झाले हेही पाहू. इटली, ग्रीस, इजिप्त, आफ्रिका, स्पेन असे चार वर्षांचे यादवी युद्ध झाले. ट्रिब्यूनांच्या हक्कांसाठी आपण आलो असे सांगणाऱ्या सीझरने रोममध्ये आल्यावर सरकारी खजिना उघडायला विरोध करणाऱ्या मेटेलस या ट्रिब्यूनालाच मारण्याची धमकी दिली. इ. स. पू. 44 मध्ये तो तहहयात हुकूमशहा झाला आणि त्याच वर्षी 15 मार्चला त्याचा खून झाला. पुन्हा युद्धे झाली आणि शेवटी रोममध्ये सम्राट आला. सिनेट कलंकित होते हे मान्य, पण सीझरने ते धुऊन काढले नाही. लोकांना स्वतःच्या नावावर ज्या थोड्या गोष्टी करता येत होत्या, त्याही त्याने स्वतःच्या नावावर करून घेतल्या.

आता शहापूरला येऊ. आसनगाव स्टेशनवर उतरले की समोर सुळक्यांची जी लांबच लांब भिंत दिसते तो माहुलीचा डोंगर. भंडारगड, माहुली आणि पळसगड अशी किल्ल्यांची ही त्रयी आहे. 1633 मध्ये मोगलांनी दौलताबाद घेतले, निजामशहाला कैद करून ग्वाल्हेरला पाठवले आणि अहमदनगरची निजामशाही संपल्याचे जाहीर केले. शहाजीराजांनी ते मानले नाही. संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्यांनी निजामशाही घराण्यातले एक लहान मूल गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे कारभार केला. 1630 पासूनच्या भीषण दुष्काळाने पिचलेल्या मुलखात, कोकणापासून जुन्नरपर्यंतचे किल्ले हाताशी धरून ते दिल्लीच्या पातशहाशी लढले. 1636 मध्ये शाहजहान स्वतः दक्षिणेत उतरला, त्याने विजापूरकरांना तहाने आपल्याकडे ओढले आणि मोगल व आदिलशाही फौजा मिळून शहाजीराजांच्या मागे लागल्या. शेवटचा वेढा माहुलीला पडला. वर्षाच्या अखेरीस राजांना किल्ला सोडावा लागला, त्या मुलाला मोगलांच्या स्वाधीन करावे लागले आणि स्वतः आदिलशहाच्या चाकरीत जावे लागले.

शहाजीराजांचे प्रकरण सीझरपेक्षा वेगळे आहे. ते आपल्याच राज्यावर चालून गेले नव्हते. बाहेरून आलेल्या सत्तेने ज्या राज्याचा शेवट जाहीर केला, तो शेवट त्यांनी नाकारला. पण या नकाराला कायद्याचा आधार हवा म्हणून त्यांना एक अजाण मूल पुढे करावे लागले. त्या काळात सत्तेचा हक्क वंशातून येत होता, रयतेतून येत नव्हता. अशी लढाई त्या मुलाच्या पायावरच उभी होती. मूल हाती पडले की सगळे संपले. शिवराय तेव्हा सहा वर्षांचे होते. पुढे 1674 मध्ये रायगडावर त्यांनी स्वतःच्या नावाने राज्याभिषेक करवून घेतला, त्यामागे कर्मकांडाची हौस नव्हती. आपण कोणाच्या नावाने लढतो, या वडिलांपुढच्या प्रश्नाचे ते उत्तर होते. माहुलीचाही पुढे तोच प्रवास झाला: 1665 च्या पुरंदरच्या तहात तो मोगलांकडे गेला आणि 1670 मध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी परत घेतला.

तिसरे प्रकरण सिद्धगडाचे, आणि या पुस्तकाचा मोठा भाग त्यालाच दिला आहे. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल यांचा जन्म 1 डिसेंबर 1912 रोजी माथेरानला, नाभिक समाजातल्या साध्या कुटुंबात झाला. ते कायदा शिकले, वकील झाले. माथेरान नगरपालिकेत निवडून गेले आणि तिथे उपाध्यक्षही झाले. माथेरानच्या पायथ्याच्या वाड्या-पाड्यांत ठाकर, कातकरी आणि कुळे सावकाराच्या कचाट्यात होती. पावसाळ्यात धान्य संपले की सावकाराकडून उसने घ्यायचे आणि सुगीला दुपटीने फेडायचे, असे ते चक्र होते. कोतवालांनी गावोगाव धान्यकोठ्या उभारल्या, गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवल्या आणि शेतकऱ्यांचे दावे फी न घेता लढवले. 1942 च्या आधीचे कोतवाल असे होते. त्यांनी कायद्याची वाट सोडली ती चालून पाहिल्यानंतर सोडली.

त्या वेळचे सरकार काय होते, हेही ध्यानात घ्यायला हवे. सप्टेंबर 1939 मध्ये व्हाइसरॉयने हिंदुस्थानातल्या कोणत्याही प्रतिनिधीला न विचारता देश युद्धात लोटला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबई प्रांतातल्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि 1935 च्या कायद्यातल्या कलम 93 खाली प्रांताचा कारभार गव्हर्नरच्या हाती गेला. म्हणजे 1942 मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांवर जे सरकार होते ते इथल्या कोणत्याही मतदाराला जबाबदार नव्हते. त्या कायद्याने मताचा हक्कही प्रौढांपैकी थोड्यांनाच होता. कातकरी आणि ठाकर त्यात जवळजवळ नव्हतेच. 8 ऑगस्टला गवालिया टँकवर 'चले जाव'चा ठराव झाला. आंदोलन सुरू करण्यापूर्वी व्हाइसरॉयशी बोलण्याचा गांधीजींचा विचार होता. सरकारने तेवढी उसंत दिली नाही. 9 ऑगस्टच्या पहाटे सगळे पुढारी गजाआड गेले. नेते पकडले गेले तर प्रत्येकाने स्वतःच स्वतःचा नेता व्हावे, असे ठरावातच म्हटले होते. कोतवालांनी ते शब्दशः घेतले.

कोतवालांचा आझाद दस्ता उभा राहिला तो असा. सह्याद्रीच्या धरणांवरून मुंबईला वीज नेणारे पोलादी मनोरे या मुलखातून जात होते; त्या विजेवर गिरण्या, कारखाने आणि रेल्वे चालत, आणि त्या सगळ्यांचा उपयोग युद्धाला होत होता. ज्या शिवारांतून ही वीज जात होती, तिथल्या घरांत मात्र रॉकेलची चिमणी मिळाली तरी पुष्कळ होते. दस्त्याच्या लोकांनी रात्रीच्या वेळी करवतीने मनोऱ्यांचे पाय कापले आणि मनोरे आडवे केले. कोतवालांना पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर झाले. पोलिसांचा ससेमिरा वाढत गेला तसा दस्ता डोंगरात वर सरकत सिद्धगडाच्या जंगलात आला. आसपासच्या पाड्यांनी त्यांना भाकरी पुरवली, निरोप पोचवले. 2 जानेवारी 1943 च्या पहाटे हॉल या पोलीस अधिकाऱ्याच्या तुकडीने त्यांना गाठले. मानिवलीचे हिराजी पाटील पडले, जखमी कोतवालांवर पुन्हा गोळी झाडली गेली. कोतवाल तीस वर्षांचे होते.

तिन्ही प्रकरणे शेजारी ठेवली की चार प्रश्न तयार होतात. आज्ञाभंग न्याय्य होता की नाही, ते यांच्या उत्तरांवर ठरवावे असे मला वाटते.

पहिला प्रश्न: धोक्यात काय होते? सीझरचे पद आणि त्याच्यावरचा खटला. शहाजीराजांचे स्वतःचे स्थान, पण त्याबरोबर दख्खनचे एक राज्यही. कोतवालांचे वैयक्तिक असे काहीच धोक्यात नव्हते. वकिली चालू होती, नगरपालिकेत मान होता. गप्प बसले असते तर त्यांचे बरेच चालले असते.

दुसरा प्रश्न: दारे बंद झाली होती का? सीझरसमोर एक दार उघडे होते, फक्त त्यातून जाताना त्याला सैन्य बाहेर ठेवून एकटे जावे लागले असते. सिनेटचे मोठे बहुमत तडजोडीच्या बाजूने होते. थोडा धीर धरला असता तर ते बहुमत पुन्हा डोके वर काढण्याची शक्यता होती. 1942 मध्ये मात्र सभागृह नव्हते, मतपेटी नव्हती, आणि बोलायला निघालेला म्हातारा पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होता.

तिसरा प्रश्न: हत्यार कोणते आणि ते कोणावर? सीझरने आपल्याच देशबांधवांवर पगारी सैन्य आणले. कोतवालांच्या मोहिमेचे लक्ष्य युद्धयंत्रणेची वीज होती. माणसे मारणे हा त्यांचा कार्यक्रम नव्हता.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: जिंकल्यावर सत्ता कोणाकडे जाणार होती? सीझर जिंकला आणि सगळी सत्ता एका माणसाकडे गेली. शहाजीराजे जिंकले असते तर ती एका मुलाच्या नावावर राहिली असती. कोतवाल ज्या बाजूने लढले ती बाजू जिंकली तेव्हा सत्ता मतदाराकडे गेली, आणि त्या मतदारांत सिद्धगडाच्या पायथ्याचे ठाकर आणि कातकरीही आले. कोतवालांच्या लढ्यात कोतवालांसाठी गादी नव्हती.

म्हणून माझा निकाल स्पष्ट आहे. सीझरचे करणे न्याय्य नव्हते. सिनेटने त्याच्यावर अन्याय केला होता, पण एका माणसावर झालेला अन्याय फेडण्यासाठी साऱ्या देशाला युद्धात लोटण्याचा हक्क त्या माणसाला मिळत नाही. शहाजीराजांचा नकार योग्य होता, त्याचा पाया अपुरा होता. कोतवालांचा नकार न्याय्य होता, आणि 1943 च्या त्या पहाटेही तो न्याय्यच होता.

या निकालावर आक्षेप आहेत, आणि ते टाळून पुढे जाणे कोतवालांच्या आठवणीला शोभणारे नाही. पहिला आक्षेप गांधीजींचाच आहे. 1944 च्या मे महिन्यात सुटल्यावर त्यांनी तारा तोडणे, रूळ उखडणे आणि भूमिगत राहणे हे आपल्या मार्गात बसत नाही असे सांगितले आणि भूमिगतांना उघड होऊन अटक करून घेण्याचा सल्ला दिला. त्यांचे म्हणणे सरळ होते: जो उघड आज्ञा मोडतो आणि शिक्षा स्वीकारतो, त्याच्या हेतूबद्दल कोणाला शंका घेता येत नाही. दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. वीज तोडली की दवाखान्याची वीजही जाऊ शकते, गिरणीतल्या मजुराचा दिवस बुडू शकतो; आणि दस्त्याला भाकर देणाऱ्या पाड्यांवर पोलिसांचा राग निघतो. लढणारा मरणाला तयार असतो, पण त्याच्या लढ्याची किंमत चुकवणाऱ्या प्रत्येकाला कोणी विचारलेले नसते. तिसरा आक्षेप डॉ. आंबेडकरांच्या भूमिकेतून येतो. 1942 च्या जुलैपासून ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते आणि 'चले जाव'ला त्यांचा विरोध होता. फॅसिस्ट सत्ता दाराशी आली असताना राज्ययंत्रणा मोडणे त्यांना बेजबाबदार वाटत होते.

या तिन्ही आक्षेपांत वजन आहे. तरी माझा निकाल बदलत नाही. दुसऱ्या आक्षेपाला उत्तर त्या पाड्यांनीच दिले आहे: ज्यांना सर्वांत जास्त सोसावे लागणार होते, त्यांनीच महिनोन्‌महिने दस्त्याला सांभाळले. धान्यकोठीच्या दिवसांपासूनचा विश्वास त्यामागे होता. पैशाने किंवा धाकाने अशी साथ मिळत नाही. सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार 1943 पासून टिकले तेही अशाच गावांच्या साथीवर. बाकी दोन आक्षेप आपल्याला सांगतात की न्याय्य आज्ञाभंगालाही हिशेब द्यावा लागतो. गांधीजी आणि आंबेडकर यांच्या प्रश्नांना जो उत्तर देऊ शकत नाही, त्याने कोतवालांचे नाव घेऊ नये.

याच डॉ. आंबेडकरांचे 25 नोव्हेंबर 1949 चे संविधान सभेतले भाषण या पुस्तकाच्या वाचकाने आवर्जून वाचावे. त्यात दोन इशारे आहेत आणि दोन्ही आपल्या विषयाला नेमके लागू पडतात. पहिला असा, की सनदशीर मार्ग नव्हते तेव्हा सविनय कायदेभंग, असहकार आणि सत्याग्रह यांना समर्थन होते. आता सनदशीर मार्ग खुले झाले आहेत, तेव्हा ते मार्ग सोडले पाहिजेत, नाहीतर अराजक येईल. दुसरा असा, की कितीही थोर माणूस असला तरी त्याच्या पायाशी आपले स्वातंत्र्य वाहू नका. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते. पहिला इशारा कोतवालांचे नाव घेऊन आज मनमानी करणाऱ्यासाठी आहे. दुसरा सीझरसाठी आहे, किंवा खरे तर सीझरच्या मागे टाळ्या वाजवत निघालेल्या रोमकरांसाठी.

हा प्रश्न फक्त इतिहासाचा असता तर या पुस्तकाची निकड नव्हती. शहापूर तालुक्यात तानसा, मोडकसागर आणि भातसा यांची धरणे आहेत. तानसाचे पाणी 1892 पासून मुंबईला जाते. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांत मार्च-एप्रिल उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते. 1942 मध्ये डोक्यावरून वीज जात होती, आज बांधाजवळून पाणी जाते. त्याचा राग येणे न्याय्य आहे. मग त्या रागाने काय करायचे? जलवाहिनी फोडायची का?

मुरबाडने याचे एक उत्तर दिले आहे. काळू नदीवरच्या नियोजित धरणात या तालुक्यातली आदिवासी गावे आणि जंगल जाणार होते. वनखात्याची मंजुरी नसताना काम सुरू झाले, तेव्हा गावांनी ग्रामसभांचे ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटनेबरोबर मोर्चे काढले आणि उच्च न्यायालयात धाव घेतली. 2012 मध्ये न्यायालयाने काम थांबवले. इथे आज्ञा मोडली होती ती सरकारी यंत्रणेने, आणि कायदा पाळा असे गावे सांगत होती. शहापूरचा सगळा तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 चा पेसा कायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला आहे. हे कायदे पुरते अमलात येत नाहीत, हे खरे. पण दार अर्धवट उघडे असणे आणि दाराच्या जागी भिंत असणे यांत फरक आहे. कोतवालांसमोर भिंत होती.

उद्या भिंत पुन्हा उभी राहिली तर? निवडणुका नावापुरत्या उरल्या, ग्रामसभा कागदावर भरू लागल्या, न्यायालयाचा निकाल कोणी पाळेनासे झाले तर आज्ञाभंगाचा प्रश्न पुन्हा जिवंत होईल. तेव्हाही वर दिलेले चार प्रश्न विचारावे लागतील, आणि सगळ्यांत आधी ते पुढाऱ्याला विचारावे लागतील. जो पुढारी जनतेसाठी म्हणून कायदा मोडायला निघाला आहे, त्याचा स्वतःचा एखादा खटला मागे लागला आहे का? बोलण्याची सगळी दारे त्याने ठोठावली का? त्याचे हत्यार कोणाच्या अंगावर पडणार आहे? आणि तो जिंकला तर सत्ता कोणाच्या हाती राहील?

दादरला प्लाझासमोरच्या कोतवाल उद्यानाजवळून रोज हजारो माणसे जातात. ते कोतवाल कोण, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. शहापूर-मुरबाडच्या मुलांची स्थिती तशी होऊ नये. शिक्षकांना माझी विनंती आहे, की वर्गात सीझरचा धडा शिकवताना त्याच तासाला माहुली आणि सिद्धगडही शिकवा आणि निकाल मुलांना द्यायला सांगा. मुलांचे मत माझ्यापेक्षा वेगळे निघाले तरी चालेल, त्यामागची कारणे मात्र त्यांच्याकडून मागून घ्या. ज्या माणसाला सरकारची आज्ञा कधी पाळावी आणि कधी मोडावी याची कारणे देता येतात, तोच लोकशाहीचा खरा नागरिक. असे नागरिक या दोन तालुक्यांत पुष्कळ व्हावेत, या इच्छेने हे पुस्तक वाचकांच्या हाती देत आहे.